गर्भातले कोकेन आणि घाईचा निकाल

गोव्याच्या पेडणे तालुक्यातल्या कोरगावाहून हरमलचा किनारा फार दूर नाही. इकडे भातशेती, माडाच्या बागा, काजूचे डोंगर आणि जत्रेतला दशावतार. तिकडे शॅक, परदेशी पाहुणे आणि उशिरापर्यंत चालणारे संगीत. ५ जानेवारी २०२३ रोजी मोपाच्या विमानतळावरून विमाने उडू लागली आणि बाहेरचे जग तालुक्याच्या आणखी जवळ आले. किनाऱ्यावर अमली पदार्थ पकडल्याची बातमी इथल्या वाचकाला नवी नाही. तिचा साचाही ठरून गेला आहे: इतके ग्रॅम, इतक्या लाखांचा माल, अमुक वाड्यावरची भाड्याची खोली. पदार्थ कोकेन असेल तर एनडीपीएस कायद्याचा हिशेब सरळ आहे. २ ग्रॅमपर्यंत अल्प प्रमाण, १०० ग्रॅमपासून पुढे व्यापारी प्रमाण.

ग्रॅमवरून शिक्षा ठरते. पण हीच पूड गरोदर बाईच्या रक्तात उतरली तर पोटातल्या बाळाच्या मेंदूचे काय होते, याचे उत्तर तराजूवर मिळत नाही. गेली चाळीस वर्षे शास्त्रज्ञ या प्रश्नाच्या मागे आहेत. त्यांच्या हाती लागलेले उत्तर आणि बातम्यांतून लोकांच्या मनात बसलेले उत्तर यांत मोठी तफावत आहे, आणि या प्रकरणाचा विषय ती तफावतच आहे.

कोकेन भारताला अगदीच परके नाही. जर्मनीतल्या ग्योटिंगेनमध्ये आल्बर्ट नीमान याने १८६० च्या सुमारास कोकाच्या पानातून ते वेगळे काढले. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर याने त्याचा थेंब घालून डोळा बधिर करून दाखवला आणि डॉक्टरांना शस्त्रक्रियेसाठी नवे हत्यार मिळाले. त्यानंतर वीसेक वर्षांतच मुंबई-कलकत्त्यात लोक ते चक्क विड्यातून खाऊ लागले. विड्यातला चुना इथे कामाचा ठरतो, कारण चुन्याच्या क्षारामुळे कोकेन तोंडातून अधिक सहज शोषले जाते. रामनाथ चोप्रा आणि गुरबक्षसिंग चोप्रा यांनी १९३१ साली भारतातल्या या व्यसनावर वैद्यकीय निबंधच लिहिला. पुढे ही सवय ओसरली. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत कोकेन घेणाऱ्यांचे प्रमाण १० ते ७५ वयोगटात ०.१० टक्के निघाले. दारू पिणारे १४.६ टक्के. हे दोन आकडे लक्षात ठेवावेत, पुढे त्यांचे काम पडणार आहे.

कोकेनचा रेणू लहान आणि चरबीत विरघळणारा. वारेची भिंत तो सहज ओलांडतो. त्याचा पहिला मार रक्तवाहिन्यांवर बसतो: त्या आवळल्या जातात, वारेकडे जाणारे रक्त कमी होते, बाळाला प्राणवायू आणि अन्न अपुरे पडते. वार वेळेआधी सुटणे, दिवस भरण्याआधी बाळंत होणे, बाळाचे वजन कमी भरणे हे धोके वाढतात. एवढे तर कोणीही प्रसूतितज्ज्ञ सांगेल. दुसरा मार सूक्ष्म आहे आणि तो थेट चेतापेशींवर, म्हणजे न्यूरॉनवर बसतो.

तेरेखोल आणि शापोरा या नद्यांच्या काठी खाजन शेती आहे. तिच्या बांधात मानस नावाचे लाकडी दार असते. भरतीला ते मिटते आणि ओहोटीला उघडून आतले पाणी बाहेर जाऊ देते. मानस अडकला की पाणी शेतात तुंबते. चेतापेशींच्या सांध्यावर डोपामिनची अशीच ये-जा चालते. एक पेशी डोपामिन सोडते, निरोप पोहोचतो, आणि मग एक वाहक प्रथिन ते डोपामिन पुन्हा आत ओढून घेते. कोकेन या वाहकाला अडकवून ठेवते. डोपामिन तुंबते, निरोप संपतच नाही. सेरोटोनिन आणि नॉरएपिनेफ्रिन यांच्या वाहकांचीही तीच गत होते.

मोठ्या माणसात या तुंबण्याचा अर्थ धुंदी. गर्भात अर्थ वेगळा. तिथे अजून सुख-दुःखाची यंत्रणाच उभी राहिलेली नसते, पण डोपामिन मात्र पहिल्या तिमाहीतच हजर झालेले असते. त्या वयात ते बांधकामाच्या सूचना देते: कोणत्या पेशीने अजून एकदा विभागायचे, कोणी थांबायचे, कोणी कुठल्या वाटेने निघायचे, फांद्या किती लांबवायच्या. सूचना देणाऱ्याचाच आवाज बदलला तर काय होते, हे प्रयोगशाळांनी एकेक करून पाहिले आहे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यसन संशोधन संस्थेत, म्हणजे नायडात, चुन-टिंग ली, विल्यम फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशी जन्मण्याच्या टप्प्यावर बोट ठेवले. २००८ साली ‘प्लॉस मेडिसिन’मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधानुसार कोकेनचे पेशीच्या आतच विघटन होते, त्यातून ऑक्सिडीकरणाचा ताण निर्माण होतो आणि सायक्लिन-ए हे प्रथिन घटते. सायक्लिन-ए नसेल तर पेशीचे विभाजन पुढे सरकत नाही. परिणामी चेतापेशींना जन्म देणाऱ्या मूळ पेशी वाढायच्या थांबतात. हे विघटन करणारे विकर सिमेटिडिन या औषधाने रोखता येते. सिमेटिडिन म्हणजे आम्लपित्तावरची जुनी गोळी. ती दिल्यावर उंदरांच्या गर्भात पेशींचे विभाजन बरेचसे पूर्वपदावर आले. (कोणी लगेच औषधांच्या दुकानाकडे धाव घेऊ नये. हा उपचार नाही, यंत्रणा सिद्ध करण्याची युक्ती होती.)

जन्मल्यानंतर पेशीला प्रवास करायचा असतो. इथे एक नाव मराठी वाचकाचे लक्ष वेधून घेते: प्रदीप भिडे. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये आणि नंतर फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात त्यांनी गर्भातल्या मेंदूच्या जडणघडणीवर काम केले. मेंदूच्या बाह्यपटलात साधारण ऐंशी टक्के पेशी चेतवणाऱ्या आणि वीस टक्के आवरणाऱ्या असतात. या आवरणाऱ्या पेशी गाबा हे रसायन वापरतात. उंदराच्या गर्भात त्या बाह्यपटलात जन्मतच नाहीत. खाली, मेंदूच्या तळाशी जन्मतात आणि आडव्या वाटेने बाह्यपटलापर्यंत चालत जातात. क्रॅंडल, हॅकेट, टोबेट, कोसोफ्स्की आणि भिडे यांनी २००४ साली दाखवले की आईला कोकेन दिले तर या पेशींची चाल मंदावते. तीन वर्षांनी याच गटाने कारणही पुढे आणले. डोपामिन घेणारी दारे दोन प्रकारची आहेत: डी-१ चेतवले तर पेशी पुढे सरकते, डी-२ चेतवले तर रेंगाळते. डोपामिनचा तोल ढळला की प्रवासाचे वेळापत्रक ढळते. पुढच्या अभ्यासात अशा उंदरांच्या मेंदूच्या पुढच्या भागात, जिथे लक्ष आणि संयम सांभाळला जातो, एका प्रकारच्या गाबा पेशी कमी भरल्या. पेशी मेल्या नव्हत्या, फुटल्या नव्हत्या. चेतवणाऱ्यांच्या मानाने आवरणाऱ्या कमी पडल्या एवढेच. कोकेनचा गर्भावरचा परिणाम कसा असतो याचे याहून नेमके चित्र सापडणे अवघड.

पॅट लेविट आणि ग्रेग स्टॅनवूड यांनी ससे घेतले. गाभण सशिणीच्या शिरेतून थोड्या प्रमाणात कोकेन दिले. पिल्ले दिसायला ठणठणीत, वजनही ठीक. पण सूक्ष्मदर्शकाखाली पुढच्या बाह्यपटलातल्या पेशींच्या फांद्या गरजेपेक्षा लांब वाढलेल्या, सरळ जाण्याऐवजी नागमोडी. डी-१ ची दारे पेशीच्या पृष्ठभागावर असायला हवी होती, ती बरीचशी आतच अडकून राहिली होती. हे बदल पिल्लू मोठे झाल्यावरही गेले नाहीत. वेळ मात्र फार महत्त्वाची ठरली. गर्भावस्थेच्या ठरावीक दिवसांत कोकेन मिळाले तरच हे घडे. येलमध्ये मायकेल लिडोव यांनी ऱ्हीसस माकडांवर काम केले, त्यांना तर बाह्यपटलाचे थरच विस्कटलेले आढळले.

म्हणजे प्रयोगशाळेचा निकाल स्पष्ट आहे. कोकेन गर्भातल्या न्यूरॉनला इजा करते. आता माणसाच्या लेकरांकडे वळायचे, आणि इथेच गोष्ट बिघडते.

१९८५ साली शिकागोतले बालरोगतज्ज्ञ आयरा चेसनॉफ यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये कोकेन घेणाऱ्या २३ गरोदर बायकांविषयी लिहिले. बाळे चिडचिडी, थरथरणारी, हाकेला नीट प्रतिसाद न देणारी. तेवीस म्हणजे अगदी मोजकी संख्या. निबंध सावधपणे वाचायचा होता. पण त्या वेळी अमेरिकेच्या गरीब वस्त्यांत क्रॅक, म्हणजे ओढायचे स्वस्त कोकेन, पसरत होते. वर्तमानपत्रांनी आणि दूरचित्रवाणीने ‘क्रॅक बेबी’ हा शब्द उचलला. नळ्या लावलेली, हात थरथरणारी इवलीशी बाळे रोज पडद्यावर दिसू लागली. त्यांतली अनेक मुळात दिवस न भरलेली होती, आणि दिवस न भरलेले कुठलेही बाळ तसेच दिसते. १९८९ मध्ये चार्ल्स क्राउथॅमर या स्तंभलेखकाने तर जन्मतःच कनिष्ठ ठरलेला एक नवा वर्ग तयार होत असल्याचे भाकीत करून टाकले.

विज्ञानाची चाळणीही तेव्हा एका बाजूला कललेली होती. टोरांटोच्या गिडियन कोरेन यांनी १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटा पण झोंबणारा हिशेब मांडला. एका बालरोग परिषदेकडे दहा वर्षांत कोकेन आणि गर्भावर आलेले निबंध-सारांश त्यांनी तपासले. ‘अपाय होतो’ म्हणणारे ४९. त्यांतले २८ स्वीकारले गेले. ‘अपाय आढळला नाही’ म्हणणारे ९. स्वीकारला गेला फक्त एक. नाकारलेल्या कामांची पद्धत अनेकदा अधिक चोख होती.

या कथेला एक विलक्षण शेपूट आहे. याच कोरेन यांनी टोरांटोच्या सिककिड्स रुग्णालयात मदरिस्क हा कार्यक्रम उभा केला होता. त्याची प्रयोगशाळा केसांतून कोकेनसारखे पदार्थ शोधून देई, आणि मूल आईकडे ठेवायचे की काढून घ्यायचे या खटल्यांत तो अहवाल पुरावा म्हणून चाले. २०१५ च्या डिसेंबरमध्ये सुझन लँग यांच्या स्वतंत्र चौकशीने २००५ ते २०१५ मधल्या त्या चाचण्या अपुऱ्या आणि अविश्वसनीय ठरवल्या. न्यायमूर्ती ज्युडिथ बीमन यांच्या आयोगाने १२७१ प्रकरणे उघडून पाहिली. त्यांतल्या ५६ मध्ये सदोष चाचणीचा निकालावर मोठा परिणाम झाल्याचे २०१८ च्या अहवालात नोंदवले. मुले परत मिळाली ती जेमतेम चार प्रकरणांत. पूर्वग्रहाविरुद्ध इशारा देणाऱ्याच्याच कार्यक्रमाखाली हे घडले.

अमेरिकेत तर रुग्णालय आणि पोलीस ठाणे एकत्र आले. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटन शहरात १९८९ पासून सरकारी वैद्यकीय विद्यापीठाच्या रुग्णालयात गरोदर बायकांची लघवी तपासली जाई आणि कोकेन सापडले की पोलिसांना कळवले जाई. ३० बायकांना अटक झाली. त्यांतल्या २९ कृष्णवर्णीय. कोकेन काय फक्त काळ्या बायकाच घेत होत्या? चेसनॉफ यांनीच फ्लोरिडातल्या पिनेलस परगण्यात ७१५ गरोदर बायकांची लघवी तपासून १९९० साली दाखवले की गोऱ्या आणि काळ्या बायकांत अमली पदार्थांचे प्रमाण जवळजवळ सारखेच होते. सरकारकडे कळवले जाण्याची शक्यता मात्र काळ्या बाईची सुमारे दहापट. चार्ल्सटनची योजना सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली सहा विरुद्ध तीन मतांनी घटनाबाह्य ठरवली. अशा योजनेमुळे डॉक्टरांकडे जायलाच बायका कचरू लागतील हे सांगायला कुठल्या संशोधनाची गरज नव्हती.

फिलाडेल्फियात हॅलम हर्ट नावाच्या बालरोगतज्ज्ञ बाई याच काळात शांतपणे एक काम करत होत्या. १९८९ ते १९९२ या वर्षांत अल्बर्ट आइन्स्टाइन मेडिकल सेंटरमध्ये जन्मलेली २२४ बाळे त्यांनी निवडली. निम्म्यांच्या आयांनी कोकेन घेतलेले, निम्म्यांच्या नाही. दोन्ही गट त्याच गरीब वस्त्यांतले, आणि दिवस भरलेली किंवा भरत आलेली बाळेच घेतली, म्हणजे अपुऱ्या दिवसांचा गोंधळ नको. जवळपास पंचवीस वर्षे त्या या मुलांच्या मागे राहिल्या.

चौथ्या वर्षी बुद्ध्यांक मोजला. कोकेन गटाची सरासरी ७९.०. बाईंना वाटले असेल, झाले, भीती खरी ठरली. पण दुसऱ्या गटाची सरासरी निघाली ८१.९. सर्वसाधारण सरासरी १०० मानतात. म्हणजे दोन्ही गट सारखेच खाली होते! मग हर्ट यांनी नजर घरादाराकडे वळवली. सात वर्षांची होईपर्यंत ८१ टक्के मुलांनी कोणाला तरी अटक होताना पाहिले होते. ७४ टक्क्यांनी गोळीबार ऐकला होता. १९ टक्क्यांनी घराबाहेर प्रेत पाहिले होते. ज्यांच्या घरी कोणी बोलणारे, शिकवणारे, जवळ घेणारे होते ती मुले दोन्ही गटांत बरी निघाली. २०१३ साली अभ्यास संपला तेव्हा शेवटपर्यंत टिकलेल्या ११० जणांपैकी सहा जण पदवीधर झाले होते आणि आणखी सहा त्या वाटेवर होते.

डेबोरा फ्रँक आणि सहकाऱ्यांनी २००१ साली ‘जामा’त ३६ अभ्यास एकत्र तपासले आणि लहान वयातल्या कोकेन-परिणामांबद्दल जे सांगितले जात होते त्यातले बरेचसे दारू, तंबाखू, गांजा आणि घरची परिस्थिती यांच्या खात्यावर जमा केले. याचा अर्थ कोकेन निर्दोष, असा नाही. बॅरी लेस्टर यांच्या नेतृत्वाखाली चार शहरांत १३८८ मुलांवर झालेला मोठा अभ्यास आणि शाळकरी मुलांवरची नंतरची कामे एका गोष्टीवर बऱ्यापैकी एकमत दाखवतात: बराच वेळ लक्ष टिकवणे आणि स्वतःला आवरणे या दोन बाबतींत लहानसा, पण मोजता येईल असा फरक राहतो. आवरणाऱ्या गाबा पेशी आणि पुढच्या बाह्यपटलातल्या डी-१ दारांचे काय झाले होते ते आठवावे. प्रयोगशाळा खोटे बोलत नव्हती. तिने दाखवलेली इजा खरी होती, तिचा आकार मात्र बातमीत फुगला. शिवाय पिंजऱ्यातल्या सशिणीला खाणेपिणे वेळेवर मिळते आणि घरभाडे द्यायचे नसते. तिथे कोकेन एकटे असते, वस्तीत ते एकटे कधीच नसते.

गोव्यात याचा उपयोग काय? मघाचे दोन आकडे आठवावेत: कोकेन ०.१० टक्के, दारू १४.६ टक्के. म्हणून आधी दारूकडे बघावे लागते. फ्रान्समधल्या नाँत शहरात पॉल लेमवान यांनी १९६८ साली दारू पिणाऱ्या आयांच्या १२७ मुलांचे वर्णन केले. १९७३ मध्ये सिएटलच्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी ‘लॅन्सेट’मध्ये त्या दोषाला नाव दिले. वरचा ओठ पातळ, नाक आणि ओठ यांच्यामधली पन्हळ सपाट, डोळ्यांच्या फटी अरुंद, डोके लहान. कोकेनची अशी चेहऱ्यावरची खूण आजवर सापडलेली नाही. गर्भातल्या न्यूरॉनला दारू थेट मारते, आणि जन्मभराचे मतिमंदत्व देऊ शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत गोव्यातले सुमारे ३७ टक्के पुरुष आणि सुमारे साडेपाच टक्के स्त्रिया दारू घेत असल्याचे आले. पेडणे-डिचोलीच्या डोंगरांवर काजूचा हंगाम आला की भट्ट्या पेटतात, हुर्राक घरोघर पोहोचते. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा अभिमान रास्तच आहे. पण हुर्राक हलकी, घरची, म्हणून गरोदरपणी घोटभर चालते, असे म्हणणाऱ्या काकी-मावशींना कोणीतरी प्रेमाने थांबवायला हवे. गरोदरपणात दारूचे सुरक्षित प्रमाण ठरलेले नाही.

कोकेनपुरते बोलायचे तर भारतीय कायदा एका बाबतीत चार्ल्सटनपेक्षा शहाणा आहे. एनडीपीएसच्या २७ व्या कलमाखाली कोकेन घेणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. पण ६४-अ कलम सांगते की व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात त्याच्यावर खटला चालणार नाही. उपचार अर्धवट टाकले तर सूट जाऊ शकते. बांबोळीची मानसोपचार संस्था आयपीएचबी उत्तर गोव्यातल्या कोणालाही एका दिवसात जाऊन येण्यासारखी आहे. बाळासाठी २०१३ पासूनचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्यात अंगणवाडीत आणि शाळेत मुलांची तपासणी होते, वाढीत कुठे मागे पडते आहे ते पाहिले जाते. लक्ष न टिकणाऱ्या मुलाला ओळखायला त्याच्या आईचा पूर्वेतिहास लागत नाही. त्याला लवकर पाहणारे डोळे लागतात.

या सगळ्यात बाप कुठे आहे, हा प्रश्न बराच काळ कोणी विचारलाच नव्हता. माकडांच्या बाह्यपटलाचे थर पाहणाऱ्या लिडोव यांनीच फांग ही यांच्यासह २००६ साली तो विचारला. कोकेनचा वास घेतलेले नर उंदीर त्यांनी स्वच्छ माद्यांशी जुळवले. पिल्ले लक्ष आणि स्मृतीच्या परीक्षेत कमी पडली. भिडे यांच्या प्रयोगशाळेने २०१८ मध्ये ‘प्लॉस बायॉलॉजी’त निकोटिनवर तसाच प्रयोग छापला. नर उंदरांच्या पिण्याच्या पाण्यात निकोटिन होते. त्यांच्या शुक्रपेशींत डोपामिनच्या डी-२ दाराच्या जनुकावर रासायनिक खुणा बदललेल्या आढळल्या, आणि पिल्ले अतिचंचल, नवे शिकताना अडखळणारी निघाली. त्या पिल्लांच्या आयांना निकोटिनचा थेंबही मिळालेला नव्हता.